लिनक्सवर गेम चालतो. पण टाकून कोण देणार?

लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या फुकट प्रणालीवर, गेम चालतात की नाही, हा वाद आता मिटल्यात जमा आहे. चालतात. सगळे नाही, पण स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात मिळणाऱ्या गेमपैकी बहुसंख्य चालतात, आणि पुष्कळसे तर विंडोजवर चालावेत तसेच चालतात. तरीही कणकवली, कुडाळ, चिपळूण, दापोली, कुठेही जा. एखाद्या पोराच्या कॉम्प्युटरवर लिनक्स दिसले तर तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहे असे खुशाल समजावे. बाकीच्यांनी नाव ऐकलेले असते, ते ‘हॅकिंगवाल्यांचे’ म्हणून.

असे का, याचे नेहमीचे उत्तर ‘लिनक्स अवघड आहे’ असे मिळते. मला ते पटत नाही. विंडोज टाकणेही अवघडच आहे. फक्त ते काम आपल्याऐवजी दुसरा कोणीतरी तीन-चारशे रुपयांत करून देतो. लिनक्सचे घोडे दोन ठिकाणी अडले आहे. एक, ऑनलाइन खेळांच्या मालक कंपन्यांच्या धोरणात. दुसरे, आपल्याच तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात. पहिल्या ठिकाणी आपले काही चालत नाही. दुसऱ्या ठिकाणी चालण्यासारखे आहे, आणि सगळी चर्चा मात्र पहिल्यावरच होते.

आधी हे इथवर आले कसे ते सांगतो. २०१२ साली विंडोज ८ येऊ घातले होते आणि मायक्रोसॉफ्ट त्यात स्वतःचे ॲपचे दुकान आणत होती. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूवेल हे स्वतः मायक्रोसॉफ्टमध्ये तेरा वर्षे काढून आलेले. विंडोज ८ हे पीसीच्या धंद्यातल्या सगळ्यांवरचे संकट आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. मायक्रोसॉफ्टने मनात आणले असते तर विंडोजवर स्टीमची कोंडी करणे तिला जड नव्हते. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आले. २०१५ च्या अखेरीस ‘स्टीम मशीन’ नावाचे कॉम्प्युटर बाजारात आले आणि आपटले. गेम बनवणाऱ्यांनी लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढावी अशी व्हॉल्व्हची अपेक्षा होती, आणि शंभरात एखाद्या गिऱ्हाइकासाठी इतके खपणार कोण?

मग व्हॉल्व्हने ही मनधरणी सोडली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आणले. विंडोजसाठी बनलेला गेम जशाच्या तसा घ्यायचा आणि तो विंडोजकडे जे जे मागतो ते ते लिनक्सकडून पुरवायचे, हे प्रोटॉनचे काम. त्याच्या पोटात वाइन आहे, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारे सॉफ्टवेअर, ज्याची सुरुवात १९९३ ची. फायली उघडणे, खिडक्या दाखवणे, कीबोर्ड-माउसचे ऐकणे हे वाइनला कधीच जमले होते. रखडत होते ते चित्र. विंडोजचे गेम डायरेक्ट थ्रीडीतून ग्राफिक्स कार्डाशी बोलतात, आणि लिनक्सवर डायरेक्ट थ्रीडी नाही. २०१६ साली ग्राफिक्स कार्डाशी बोलण्याची व्हल्कन नावाची खुली पद्धत आली. पुढच्याच वर्षी फिलिप रेबोले या प्रोग्रॅमरने ‘निअर: ऑटोमाटा’ लिनक्सवर खेळता यावा म्हणून डायरेक्ट थ्रीडीच्या हुकमांचे व्हल्कनमध्ये भाषांतर करणारे डीएक्सव्हीके लिहायला घेतले. एका माणसाच्या हौसेतून निघालेले हे काम पुढे व्हॉल्व्हने पैसे देऊन वाढवले आणि प्रोटॉनचा कणा झाले.

फेब्रुवारी २०२२ मध्ये हातात धरून खेळायचा स्टीम डेक आला. तो लिनक्सवरच चालतो, आणि घेणाऱ्यांपैकी कित्येकांना त्याचे सोयरसुतक नसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टीमच्या मासिक पाहणीत लिनक्सचा वाटा पहिल्यांदाच तीन टक्क्यांवर गेला. हसू यावे इतका लहान आकडा, पण त्याच पाहणीत मॅकचा वाटा त्याहून कमी होता, आणि मॅकला कोणी हौशी लोकांचे खेळणे म्हणत नाही.

भारतात मात्र व्हॉल्व्हने स्टीम डेक अधिकृतपणे विकायला आणलेला नाही. बाहेरून मागवणारे दुकानदार तो चढ्या भावाने देतात. म्हणजे जगात जी वस्तू लिनक्सला घरोघर नेते आहे, तिची मालवणात वाट पाहण्यात अर्थ नाही. इथे लिनक्स आले तर जुन्या कॉम्प्युटरमधूनच येणार.

आणि जुन्या कॉम्प्युटरची आपल्याकडे वाण नाही. डोंबिवली-विरारच्या चुलत भावाने नवा घेतला की जुना गावी येतो. गणपतीला येताना गाडीच्या डिकीत, मॉनिटर चादरीत गुंडाळून, कॅबिनेटच्या आत सांडू नयेत म्हणून स्क्रू वेगळ्या पुडीत बांधून. इथे आला की खारी हवा त्याच्या यूएसबीच्या पोर्टांना गंज चढवते, पावसाळ्यात मुंग्या आणि पाली वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमध्ये बिऱ्हाड करतात, आणि वीज कडाडू लागली की आई सगळ्यात आधी त्याचाच प्लग काढते. तरी तो आठ-आठ, दहा-दहा वर्षे चालतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला या कॉम्प्युटरांवरच्या विंडोज १० ची नेहमीची अपडेट बंद झाली. त्यानंतर वर्षभर सुरक्षेची अपडेट मिळवण्याची सोय ठेवली गेली, पण तेवढीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. विंडोज ७ आणि ८ वाल्यांना तर स्टीमने १ जानेवारी २०२४ पासूनच वाऱ्यावर सोडले.

इथे लिनक्सचे भक्त लगेच उडी मारतात: जुना कॉम्प्युटर? लिनक्स टाका, पळेल! ब्राउझर आणि पत्र टाइप करण्यापुरते ते खरे आहे. गेमसाठी अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे कोणी नीट सांगत नाही. डीएक्सव्हीकेला २.० या आवृत्तीपासून पुढे व्हल्कन १.३ लागते. आपल्याकडे स्वस्त म्हणून ज्यात-त्यात बसवलेले एनव्हीडियाचे जीटी ७१० हे कार्ड व्हल्कन १.२ च्या पुढे जात नाही. त्याच्यासाठी ४७० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका. इंटेलच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या आतल्या ग्राफिक्सची व्हल्कनशी ओळख अर्धवटच. अशा डब्यावर नवे प्रोटॉन घेऊन गेम चालू केला की पडदा काळा होतो, गेम आपोआप बंद पडतो, आणि पोरगा लिनक्सच्या नावाने खडे फोडतो. प्रोटॉनची जुनी आवृत्ती निवडून, किंवा भाषांतर व्हल्कनऐवजी ओपनजीएल या जुन्या पद्धतीकडे वळवून, जुने गेम त्याच डब्यावर चालतात. पण ते ज्याला माहीत आहे त्यालाच.

मधला एक पट्टा मात्र असा आहे की तिथे लिनक्ससारखी दुसरी सोय नाही. इंटेलची सहावी आणि सातवी पिढी, म्हणजे ढोबळमानाने २०१५ ते २०१७ चे कॉम्प्युटर, आणि एएमडीची पहिली रायझन. विंडोज ११ त्यांना दारात उभे करत नाही. व्हल्कन मात्र त्यांच्यावर व्यवस्थित चालते. आठ जीबी रॅम, एक एसएसडी (वेगवान डिस्क) आणि जीटीएक्स १०५० किंवा आरएक्स ५७० सारखे जुने कार्ड असले की एकट्याने खेळायचा ‘जीटीए ५’, ‘विचर ३’, ‘हॉलो नाइट’, ‘स्टारड्यू व्हॅली’, सगळे चालते. मुंबईहून डिकीतून येणारे डबे आता नेमके याच वयाचे आहेत. लिनक्सला कोकणात एवढी सरळ संधी आजवर मिळाली नव्हती, आणि ती कायमची राहणारही नाही. आणखी काही वर्षांनी गावी येणारा डबा विंडोज ११ चालवणारा असेल.

आणखी एक गोष्ट शहरात बसून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. विंडोजचे मोठे अपडेट अर्ध्यावर असताना ती गेली, तर पुढच्या वेळी निळा पडदा किंवा दुरुस्तीचे न संपणारे चक्र, आणि मग डबा उचलून दुकानात. स्टीमओएस, म्हणजे स्टीम डेकवरचे व्हॉल्व्हचे लिनक्स, स्वतःसाठी डिस्कवर दोन जागा ठेवते. एकीतून कॉम्प्युटर चालतो, नवे अपडेट दुसरीत लिहिले जाते, आणि ते पुरते लिहून झाल्यावरच पुढच्या वेळी तिकडून सुरुवात होते. फेडोरा या लिनक्सवर उभारलेले बझाइट कोणालाही फुकट उतरवून घेता येते; त्याची रीत थोडी वेगळी, पण परिणाम तोच, शिवाय नवे अपडेट पटले नाही तर सुरू होतानाच आधीचे निवडता येते. लाइट गेली तर अपडेट बुडते, कॉम्प्युटर वाचतो. महावितरणच्या भरवशावर जगणाऱ्या माणसासाठी मला हा मुद्दा एफपीएसच्या (गेम सेकंदाला किती चित्रे दाखवतो त्याच्या) सगळ्या तक्त्यांहून मोठा वाटतो.

डेटाचेही तसेच. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ दीडशे जीबीच्या घरातला गेम. जिथे केबलवाल्याची फायबर पोचलेली नाही अशा वाडीत, रोजच्या दोन जीबी मोबाइल डेटावर तो उतरवायचा तर अडीच महिने लागतील, तेही घरात दुसऱ्या कोणी रील पाहिली नाही तर. स्टीमने २०२३ साली एका नेटवर्कवरच्या दोन कॉम्प्युटरांत गेम परस्पर हलवायची सोय दिली. प्रोटॉन विंडोजचाच गेम चालवते, त्यामुळे फायली त्याच. मे महिन्यात आलेल्या भावाच्या विंडोज लॅपटॉपवरून गावातल्या लिनक्सवर तो गेम राउटरमधून येतो, डेटा फारसा खर्ची न पडता. गेम तुमच्या खात्यावर हवा, एवढीच अट.

आता कडू भाग. तळकोकणात, कुडाळ-सावंतवाडीकडच्या दुकानात, लिनक्सचे नाव निघालेच तर बोलणे साधारण इथे संपते:

‘ह्येच्यार व्हॅलोरंट चलतला?’

‘ता सोडून सगळा चलतला.’

‘मगे नको.’

पोराचे काही चुकत नाही. व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम साध्या कॉम्प्युटरवर चालावा असाच बनवलेला आहे, फुकट आहे, आणि त्याचे मित्र तिथे आहेत. त्याच्यासोबत रायट कंपनीचा व्हॅनगार्ड नावाचा पहारेकरी येतो. तो विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात बसतो आणि कॉम्प्युटर सुरू होतो तेव्हापासून जागा असतो. प्रोटॉन गेमला विंडोजचा भास देऊ शकते, पण कर्नलचा भास देणे त्याच्या आवाक्याबाहेरचे. खाली कर्नल लिनक्सचा आहे. ‘फोर्टनाइट’, ईएचा नवा फुटबॉल, ‘बॅटलफील्ड ६’, सगळीकडे हीच कथा. ‘ॲपेक्स लेजंड्स’ लिनक्सवर चालत होता. ३१ ऑक्टोबर २०२४ ला कंपनीने तो बंद केला, चीट करणारे लिनक्सच्या आडून येतात म्हणून. त्याच्या दीड महिना आधी ‘जीटीए ऑनलाइन’ला बॅटलआय नावाचा असाच पहारेकरी जोडला गेला आणि तोही गेला.

यातली मेख अशी की ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय, या दोन्ही पहारेकऱ्यांनी २०२१ सालीच प्रोटॉनवर चालण्याची सोय करून ठेवली आहे. ती वापरायची की नाही ते गेमची कंपनी ठरवते. म्हणजे बऱ्याच गेमबाबत अडचण तंत्राची उरलेली नाही, मर्जीची आहे.

कंपन्या निव्वळ आडमुठ्या आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. लिनक्सचा कर्नल कोणीही बदलून पुन्हा बांधू शकतो. हीच त्याची खुबी, आणि पहारा ठेवणाऱ्याची हीच डोकेदुखी. कर्नलपासून लांब राहणारा व्हॉल्व्हचा पहारा ‘काउंटर-स्ट्राइक २’ मध्ये आहे. तो गेम लिनक्सवर थेट चालतो, आणि त्यात चीटर किती भेटतात ते खेळणाऱ्याला विचारा. दोन शिव्यांशिवाय उत्तर मिळणार नाही. शिवाय तीन टक्के गिऱ्हाइकांसाठी वेगळ्या पहाऱ्याचा खर्च कोणता हिशेबनीस मंजूर करेल?

पण आपल्या बाजूनेही एक प्रश्न विचारायला हवा. कलमांच्या राखणीला ठेवलेल्या गड्याने माजघराच्या चाव्या मागितल्या तर आपण देतो का? एका गेमसाठी आपण परक्या कंपनीचा प्रोग्रॅम अशा जागी बसवतो की जिथून घरातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवरचे काहीही त्याला दिसू शकते, बँकेच्या कामासकट. त्या जागी बसलेल्या प्रोग्रॅमची चूक किती महाग पडते हे १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले, विमाने जागच्या जागी राहिली. ते सुरक्षेचे सॉफ्टवेअर होते, गेमचे नव्हे. बसायची जागा तीच. त्यानंतर मायक्रोसॉफ्टनेच सुरक्षा कंपन्यांना कर्नलच्या बाहेर राहून काम करता यावे म्हणून हालचाल सुरू केली. तो मार्ग उद्या गेमच्या पहारेकऱ्यांपर्यंत आला, तर लिनक्सची सगळ्यात मोठी गाठ विंडोजच्याच हाताने सैल होईल. होईलच असे मी सांगत नाही. नव्या गेमांत टीपीएम आणि सिक्युअर बूटची (सुरू होतानाच प्रणाली तपासण्याची) सक्ती वाढते आहे, आणि तो वारा उलट्या दिशेचा आहे.

तोवर व्हॅलोरंट खेळणाऱ्याने विंडोज सोडू नये. त्याच्या गळ्यात लिनक्स मारणारा माणूस लिनक्सचेच नुकसान करतो, कारण तो पोरगा पुढची पाच वर्षे दहा जणांना ‘काय उपयोगाचे नाही’ म्हणून सांगत फिरतो. (बहुतेक पोरे मोबाइलवरच खेळतात आणि त्यांचा या सगळ्याशी संबंध नाही, हेही खरे. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचा कर्नल आहे, म्हणजे लिनक्स आधीच जिंकले, असे काही जण म्हणतात. वादसभेत त्याला टाळ्या मिळतील. दुसरा उपयोग मला दिसत नाही.)

आता दुकानाकडे वळू. काउंटरवर पेन ड्राइव्हची जुडी, प्रत्येकीवर पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने लिहिलेले: ‘१०’, ‘११’, ‘ऑफिस’, ‘ड्रायव्हर’. मागे पोट उघडे टाकलेले चार-पाच डबे आणि ब्लोअरने धूळ उडवणारा मदतनीस. ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, तीनशे.’ या तीनशेत विंडोज येते, ऑफिस येते, व्हीएलसी, क्रोम, परवान्याविना विंडोज चालू करणारा ॲक्टिवेटर, आणि मागितला तर एखादा क्रॅक केलेला गेम. ॲक्टिवेटर चालावा म्हणून अँटी-व्हायरस आधी बंद करायचा; गेमच्या क्रॅकसाठी पुन्हा बंद करायचा. सहा-आठ महिन्यांनी कॉम्प्युटर ‘स्लो’ होतो, नको त्या जाहिराती उघडू लागतात. पुन्हा दुकान, पुन्हा तीनशे.

हे कायद्याला धरून नाही, हे दुकानदाराला ठाऊक आहे आणि गिऱ्हाइकालाही. मी दुकानदाराला नावे ठेवायला बसलेलो नाही. परवाना विकत घ्या म्हणाला तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल. पण त्यामुळे होते असे की लिनक्सची स्पर्धा इथे परवान्याच्या विंडोजशी नसून तीनशे रुपयांच्या विंडोजशी असते. ‘लिनक्स फुकट आहे’ या वाक्याला इथे काडीचे वजन नाही. विंडोजही फुकटच आहे. पैसे पडतात ते टाकणाऱ्याच्या हाताला. आणि तो हात लिनक्स टाकत नाही.

का टाकत नाही? एक तर फॉरमॅटला परत येणारे गिऱ्हाईक हे त्याचे पोट आहे. दुसरे कारण अधिक खरे: घरात कॉम्प्युटर एक. रात्री त्यावर पोरगा खेळतो, पण दिवसा वडिलांची टॅली असते, आई शिक्षिका असेल तर शाळेच्या याद्या असतात, ठेकेदार काकांना निविदा भरायला डिजिटल सहीचा टोकन लावायचा असतो, आणि कोणाची तरी श्रीलिपीत टाइप केलेली दहा वर्षांची पत्रे उघडायची असतात. यातले एक जरी अडले तरी फोन दुकानदाराला, तोही रविवारी. त्यापेक्षा विंडोज बरे. त्याच्या जागी मीही तेच केले असते. लिनक्स गेमांवर अडते असे आपण धरून चालतो. आपल्या घरांत ते टॅलीवर अडते.

म्हणून ही गोष्ट मी गेमवाल्यांची खासगी हौस मानत नाही. दुरुस्तीचे ज्ञान कोणाकडे आहे, हा सार्वजनिक प्रश्न आहे. केरळने तो शाळेतून हाताळला. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत कॉम्प्युटरचा विषय कित्येक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवला जातो, आणि काइट ही सरकारी संस्था शाळांसाठी लिनक्सची स्वतःची आवृत्ती बांधून देते. त्यामुळे तिकडची पोरे लिनक्सवर गेम खेळायला लागली असा माझा दावा नाही. पण शाळेतले कॉम्प्युटर सांभाळायचे तर लिनक्स समजणारे हात तयार करावेच लागतात. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटीने गावोगाव कॉम्प्युटर नेला, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण कॉम्प्युटर म्हणजे विंडोज आणि ऑफिस हे समीकरणही तिनेच पक्के केले. केंद्र सरकारने २०१५ साली सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचे धोरण जाहीर केले. तालुक्याच्या कचेरीत ते धोरण कुठल्या टेबलावर बसते, हे कोणी दाखवून दिले तर आभारी राहीन.

माझी मागणी मात्र शाळांकडे नाही, आयटीआय आणि तंत्रनिकेतनांकडे आहे. रत्नागिरीच्या, मालवणच्या तंत्रनिकेतनातून आणि तालुक्यातालुक्याच्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या पोरांपैकीच काही जण पुढे ही दुकाने काढतात. पाठ केलेले दहा-पंधरा आदेश वहीत उतरवून लिनक्स येत नाही. त्यांना एक सातव्या पिढीचा डबा आणि एक कोरी एसएसडी द्यावी. विंडोज जुन्या डिस्कवर राहू दे, लिनक्स नव्या डिस्कवर टाका. डिस्क वेगळ्या असल्या की विंडोजच्या अपडेटने लिनक्सची सुरुवातच पुसली जाण्याची भानगड कमी होते. कार्ड व्हल्कनच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत जाते ते गिऱ्हाइकाकडून पैसे घेण्याआधी तपासायला शिकवा. विंडोजच्या डी ड्राइव्हवर पडलेला गेम लिनक्समधून तसाच चालवू नये, विंडोजच्या एनटीएफएस या डिस्कच्या मांडणीवर प्रोटॉन रुसते, हे एकदा हाताने करून रडू दे. प्रिंटर जोडा, मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू करा. आणि परीक्षेत एकच प्रश्न: गेम चालू केला की पडदा काळा होतो, कारण शोधून गिऱ्हाइकाला मराठीत समजावून सांगा.

एक आक्षेप गंभीर आहे, तो टाळता येत नाही. हे सगळे एका खासगी कंपनीच्या जिवावर उभे आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने नवे स्टीम मशीन जाहीर केले, म्हणजे तूर्त तरी तिचा उत्साह कायम आहे. पण मालकाचे मन उद्या बदलले तर? यावर उत्तर आहे. वाइन, डीएक्सव्हीके, प्रोटॉन यांचा सोर्स खुला आहे, आणि लुट्रिस, हिरोइक यांसारखी साधने त्याच सामानावर एपिक आणि जीओजी या दुसऱ्या दुकानांचे गेम चालवतात. व्हॉल्व्हने हात काढला तर वेग पडेल, केलेले काम कुठे जाणार नाही.

त्याचा जोड-आक्षेप जास्त टोचतो. १९९२ साली आयबीएमचे ओएस/२, विंडोजचे त्या काळचे प्रतिस्पर्धी, विंडोजचे प्रोग्रॅम चांगले चालवायचे. म्हणून त्याच्यासाठी वेगळे प्रोग्रॅम लिहायची फारशी कोणाला गरज वाटली नाही, आणि ते मागे पडत पडत संपले. प्रोटॉनही लिनक्सचे तेच करत नाही का? याला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. लिनक्सचे पोट गेमांवर चालत नाही. सर्व्हरवर त्याचे उत्तम चालले आहे, त्यामुळे ते संपणार नाही. पण विंडोजने काही नवे काढले की प्रोटॉनने मागून धावायचे, हे राहणारच. मला ते चालते. मूळ लिनक्स आवृत्तीचाच आग्रह धरणाऱ्यांनी आपल्याकडच्या जुन्या गेमांची लिनक्स आवृत्ती आज उघडून पाहावी. कित्येकदा ती धड सुरू होत नाही, आणि त्याच गेमची विंडोज आवृत्ती प्रोटॉनमधून निमूट चालते.

लिनक्स विंडोजला हटवेल असे मला वाटत नाही आणि तशी गरजही नाही. दुकानात आलेल्या सातव्या पिढीच्या डब्याकडे पाहून दुकानदाराने स्वतःहून ‘लिनक्स टाकू का?’ असे विचारले, की माझ्या लेखी ते मुख्य प्रवाहात आले. तो विचारेल ते तत्त्वासाठी नाही, धंद्यासाठी. आणि धंदा त्यात आहे. एसएसडी विकली जाते, त्यात त्याचे चार पैसे सुटतात. टॅलीसाठी जुने विंडोज जुन्या डिस्कवर तसेच ठेवून ‘गेमिंगचे सेटिंग’ म्हणून पाचशे-सातशे सांगता येतात, आणि कोणी पावती मागितली तर देता येते, कारण त्यात चोरीचे काही नाही. प्रोटॉनची योग्य आवृत्ती लावून देणे, कंट्रोलर जोडून देणे, भावाच्या लॅपटॉपवरून गेम हलवून देणे, हीसुद्धा पैशाची कामे आहेत. फॉरमॅटचे गिऱ्हाईक कमी होईल हे खरे, पण तीनशेच्या फॉरमॅटमध्ये दोन तास जातात आणि वर शिव्या खाव्या लागतात, हा हिशेब तो कधी मांडत नाही. गणपतीच्या आधीचा महिना सुरुवातीला बरा, कारण डबे तेव्हाच येतात. पहिल्या हंगामात तक्रारी येतील. निम्म्या प्रिंटरच्या असतील. त्या विंडोजवरही येतच होत्या.